चकलीचा टॉलरन्स

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घ्यायला वयाची अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात. नसतील, तर शाळा पूर्ण केलेली असली तरी चालतं. संपली पात्रता. सीईटी नाही, कटऑफ नाही, कॅपच्या फेऱ्या नाहीत, ‘मॅनेजमेंट कोट्यातून बघू का’ असं हळूच कानात विचारणारं कुणी नाही. राज्याचे रहिवासी असाल तर एका युनिटला ४६ डॉलर फी. चार युनिटचा मशीनिंगचा कोर्स घेतला की १८४ डॉलर. तेवढ्यात संध्याकाळच्या वेळी लेथ, मिलिंग मशीन, सरफेस ग्राइंडर आणि आयुष्यभर धातू कापलेला एक मास्तर, एवढं सगळं तुमच्या हवाली करतात. ज्याचं तारुण्य अर्ध्या पर्सेंटाइलच्या विवंचनेत गेलं, त्याला हे सगळं संशयास्पद वाटतं. जिथे कुणालाही घेतात तिथे शिकण्यासारखं काय असणार, हा आपल्या मध्यमवर्गाचा शिक्षणविषयक मूळ सिद्धांत आहे.

मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. म्हणजे अर्थातच सॉफ्टवेअरमध्ये आहे. पुण्यात मेकॅनिकलची पदवी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये जाणं हा अपवाद नव्हे, तो अभ्यासक्रमाचाच शेवटचा धडा आहे. पहिल्या वर्षाला आम्हाला वर्कशॉप नावाचा विषय होता. त्यात लोखंडाचे दोन तुकडे कानशीनं घासून एकमेकांत बसवायचे असत. बॅचमधले बहुतेक जॉब कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या एकाच शेडमध्ये बनत. त्यामुळे कुणाचाही खालचा तुकडा कुणाच्याही वरच्या तुकड्यात बसे. सुट्या भागांची एवढी अदलाबदल जगातल्या कुठल्या कारखान्यानं साधली असेल असं वाटत नाही. परीक्षक खूश, शेडवाला खूश, विद्यापीठ खूश.

तर अशा पदवीधरानं चाळिशी ओलांडल्यावर लेथ शिकायचं ठरवलं, हे घरी कळवलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, “नोकरी गेली का?”

“नाही गं.”

“मग कॉलेज कशाला? इंजिनिअर आहेस ना तू?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बाबांनी फोन घेतला. “काय शिकणार म्हणालास?”

“लेथ.”

फोन कट झाला असं वाटण्याइतकी शांतता. मग आवाज खाली आणून, “म्हणजे आपल्या धाकट्याचं काम?”

“हो. काकाचंच.”

“त्यासाठी अमेरिकेला गेलास?”

इकडे महाराष्ट्र मंडळात दोन तट पडले. एका तटाच्या मते मला कंपनीनं काढलंय आणि मी सांगत नाहीये. दुसऱ्या तटाच्या मते हे वयाचं आहे, होतं असं, काही जण मोटरसायकल घेतात. एका सद्गृहस्थांनी ‘म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग ना?’ अशी सोज्ज्वळ दुरुस्ती केली आणि तेव्हापासून ते माझी ओळख तशीच करून देतात. त्यात जरा प्रतिष्ठा आहे. थ्रीडी प्रिंटिंग केलं तर हात काळे होत नाहीत.

पहिल्या दिवशी मास्तरांनी स्वतःची ओळख करून दिली ती अशी. दोन्ही हात वर केले, बोटं पसरली आणि शांतपणे एक ते दहा मोजून दाखवलं. विमानांच्या सुट्या भागांच्या टूलरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाचा याहून भारदस्त बायोडेटा नाही. मग नियम सांगितले. डोळ्यांवर चष्मा नसेल तर आत पाऊल टाकायचं नाही. बाह्या कोपराच्या वर. केस बांधलेले. हातमोजे अजिबात नाहीत, कारण जॉब धरून फिरणाऱ्या चकनं हातमोजा धरला तर आतला हातही त्याच्याबरोबर जातो. चकची किल्ली चकमध्ये असेपर्यंत हात तिच्यावरून काढायचा नाही. किल्ली तशीच ठेवून मशीन सुरू केलं तर ती समोरच्याच्या कपाळाचा नेम धरते. अंगठ्या, साखळ्या, घड्याळं काढून ठेवायची.

इथे भारतीय उमेदवारांची पंचाईत होते. आमच्या वर्गातल्या एका तेलुगू गृहस्थांच्या बोटांत तीन खडे होते. प्रत्येकाचं खातं वेगळं. त्यांनी विचारलं की पुष्कराज ठेवला तर चालेल का, निदान तेवढा संरक्षणासाठी. मास्तर म्हणाले, “लेथला ग्रह कळत नाहीत.” गृहस्थांनी खडे खिशात ठेवले आणि पूर्ण सत्रभर खिशावर हात ठेवून काम केलं.

वर्ग मोठा गमतीचा. एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याला त्याच्या शॉपच्या मालकानंच पाठवलं होतं. तो येताना बर्गर घेऊन यायचा आणि जाताना झोप घेऊन जायचा, मधल्या वेळात आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं काम करायचा. मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना मशीनच्या आधी मशीनचा बिघाड कळे. निवृत्त डेंटिस्ट होता. त्याचा हात असा स्थिर की बघत राहावं. जन्मभर त्यानं अंधारात, लाळेत, आणि बोलता न येणाऱ्या माणसाचं ‘आं आं’ ऐकत काम केलेलं. इथे जॉब हलत नाही, थुंकत नाही आणि इन्शुरन्सबद्दल विचारत नाही, याचाच त्याला इतका आनंद होता की तो सुट्टीच्या दिवशीही दार उघडलंय का बघायला येई.

आणि एक भौतिकशास्त्राचे डॉक्टर होते. त्यांचा पहिल्याच आठवड्यात पायशी (π) झगडा झाला. लेथ किती वेगानं फिरवायचा याचं सूत्र फळ्यावर होतं: कटिंग स्पीडला चारनं गुणा आणि इंचातल्या व्यासानं भागा. डॉक्टरांनी वहीत मांडून पाहिलं आणि हात वर केला. “तिथे बाराला पायनं भागायला हवं. ३.८२ येतं. तुम्ही चार घेता म्हणजे तुम्ही पायची किंमत तीन धरता आहात.”

“हो,” मास्तर म्हणाले.

“पण पाय तीन नाही!”

“या मशीनलाही मोजकेच स्पीड आहेत. जवळचा घ्यायचा.”

जिथे इंचाच्या हजाराव्या भागावरून तुकडा भंगारात जातो, तिथे विश्वातला सगळ्यात प्रसिद्ध आकडा असा राउंड फिगर करतात, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत पचलं नाही. मला मात्र तिथेच या विद्येबद्दल आदर वाटायला लागला. कुठे काटेकोर व्हायचं आणि कुठे नाही, हे कळणं हीच अर्धी कारागिरी. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेमकं उलटं चालतं. पार्किंगच्या पट्ट्याच्या रंगावर दोन तास, आणि वार्षिक हिशेब ‘मंजूर, मंजूर’.

अमेरिकेतल्या शॉपमध्ये सगळं इंचांत. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ. आपल्या डोक्यावरचा केस साधारण तीन थाउ जाड असतो (ज्यांना आहे त्यांचा). ड्रिल बिट मात्र एका हिशेबात नाहीत. काही अपूर्णांकांत असतात, पाव इंच, सात-सोळांश वगैरे. काही नंबरांत, १ ते ८०, आणि तिथे नंबर वाढत गेला की ड्रिल बारीक होत जातं. काही अक्षरांत, ए ते झेड, आणि तिथे अक्षर पुढे गेलं की ड्रिल जाडं होतं. पाव इंची वीस आट्यांचा टॅप मारायचा तर सात नंबरचं ड्रिल लागतं. पाच-सोळांश, अठरा आटे असतील तर ‘एफ’. का, विचारायचं नाही. भिंतीवर तक्ता आहे. तक्त्यात नसेल तर मशिनरीज हँडबुक आहे. १९१४ साली पहिल्यांदा निघालेला हा ग्रंथ आजही नव्या आवृत्त्यांत निघतो, अडीच हजारांहून जास्त पानं, पातळ कागद, बारीक टाइप. जुन्या कारागिरांच्या लाकडी हत्यारपेटीत मधला एक खण खास त्याच्या मापाचा करतात. मास्तर त्यातून काहीही काढून दाखवतात, आणि पान उघडण्याआधी बोट पुसतात.

या इंचाचं अंतरंग मात्र स्वीडिश आहे. कार्ल एडवर्ड योहानसन नावाचा एक माणूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एस्किल्स्टुना गावच्या रायफल कारखान्यात होता. मापं तपासायला पोलादाचे असे गुळगुळीत ठोकळे त्यानं केले की दोन ठोकळे एकमेकांवर घासून बसवले तर ते चिकटून राहतात आणि त्यांच्या मापांची बेरीज हवी तशी करता येते. हे ठोकळे घासायला त्यानं यंत्र कुठलं वापरलं? बायकोचं शिवणयंत्र. त्यात फेरफार करून त्यानं त्याचं घासणयंत्र केलं. जगाच्या अचूकतेचा पाया या शिवणयंत्रावर आहे. बायको काय म्हणाली याची नोंद मी वाचलेल्या इतिहासात नाही, आणि त्यावरूनच तो इतिहास कुणी लिहिलाय ते कळतं. याच योहानसननं इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर असं धरून ठोकळे विकले, त्याची अमेरिकेतली कंपनी पुढे १९२३ मध्ये हेन्री फोर्डनं घेतली, आणि १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी मिळून तोच २५.४ चा आकडा कायम केला. म्हणजे अमेरिकन माणूस छातीठोकपणे इंच म्हणतो तेव्हा तो मिलिमीटरच्याच जिवावर बोलत असतो.

मोजायच्या साधनांतही अशाच गंमती आहेत. आमच्या शॉपमधले निम्मे मायक्रोमीटर मिटुटोयोचे. ही कंपनी १९३४ साली जपानच्या येहान नुमाता यांनी काढली. घराणं बौद्ध पुरोहितांचं, आणि कंपनी काढण्यामागचा हेतू धर्मप्रसाराला पैसा उभा करण्याचा. जगभरच्या हॉटेलांच्या खणात बुद्धाच्या शिकवणुकीचं जे पुस्तक सापडतं, ते त्यांनीच काढलेल्या संस्थेचं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मोटरसायकलवाल्या बाई म्हणाल्या, “तरीच. याच्याशी भांडून कधी काही उपयोग झाला नाही.”

भांडून उपयोग होत नाही, हे मराठी माणसाला जड जातं. आपण सगळ्याशी भांडतो: रिक्षावाल्याशी, निकालाशी, इतिहासाशी. मायक्रोमीटर ऐकून घेत नाही. त्याची दांडी चाळीस आट्यांची, म्हणजे एक फेरा मारला की पंचवीस थाउ सरकते. फिरत्या नळीवर पंचवीस रेघा, म्हणजे एक रेघ एक थाउ. तुकडा दोन तोंडांत धरायचा, मागची खिट्टी फिरवायची, ती टिक टिक करून घसरली की थांबायचं, आणि वाचायचं. आतल्या स्थिर नळीवर ०.४७५ उघडं दिसतंय, फिरत्या नळीवर बारावी रेघ जुळली, म्हणजे ०.४८७. जोर लावून आवळला तर आकडा हवा तसा येतो, पण मास्तर मागून येऊन दोन बोटांनी तोच तुकडा मोजतात आणि खरा आकडा सांगतात. शिवाय तुकडा गरम असताना मोजायचा नाही. एक इंची ॲल्युमिनियमचा तुकडा तीस अंशांनी तापला की पाऊण थाउच्या आसपास फुगतो. गरम असताना ‘बरोबर’ आलेलं माप घेऊन लोक पाणी प्यायला जातात आणि परत येईपर्यंत तुकडा लहान झालेला असतो. म्हणून सगळ्या जगानं मोजमापासाठी वीस अंश सेल्सिअस हे तापमान ठरवून ठेवलंय. पुण्यात त्या तापमानाला लोक कपाटातून स्वेटर काढतात आणि मोजायचं सोडून गारठ्याबद्दल बोलतात.

ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी टॉलरन्स लिहिलेला असतो: अधिक इतका, उणे इतका. मला हा प्रकार लगेच समजला, कारण लग्नपत्रिका वाचतच मी मोठा झालो आहे. ‘दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांच्या शुभमुहूर्तावर’ हे झालं मूळ माप. टॉलरन्स उणे शून्य, अधिक दीड तास. बारा छत्तीसला लग्न लागल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. मास्तरांना हे सांगितल्यावर त्यांनी फळ्यावर तसं लिहून दाखवलं आणि एकतर्फी टॉलरन्स शिकवायला हे उदाहरण ते आता दर सत्रात वापरतात. एका हिंदू संस्काराचं एवढं शास्त्रीय कौतुक अन्यत्र झालेलं नाही.

आता काका.

आमच्या घरात काकांचं शिक्षण सांगताना आवाज आपोआप उतरे. ‘आयटीआय केलंय.’ टर्नर ट्रेड, दोन वर्षं. त्याआधी त्यांना दहावीनंतर कॉमर्सला घालायचा एक प्रयत्न झाला होता, तो त्यांनी हाणून पाडला. पिंपरी-चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूममध्ये ते लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगितलं गेलं. मी इंजिनिअर झालो तेव्हा पेढे वाटले. त्याच आठवड्यात घरातला मिक्सर बंद पडला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग कुणीतरी काकांना बोलावून आणलं. हे दर सणाला घडे, आणि त्यातून काहीही निष्कर्ष काढायचा नाही यावर घराचं एकमत होतं.

तसं बघितलं तर महाराष्ट्रात हे कायम असं नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळावर कारखाना उभा केला तो लोखंडी नांगरासाठी. आणि त्याच कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, जे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. म्हणजे मराठी वाचकाच्या घरात कथा-कविता येत होत्या त्या भट्टीच्या वाटेनं. आपण कथा-कविता ठेवून घेतल्या आणि भट्टी दुसऱ्याच्या पोराला दिली.

उन्हाळी वेळेत कॅलिफोर्नियात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा चिंचवडला सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. काकांचा चहा झालेला असतो, पेपर वाचून व्हायचा असतो. एकदा वर्गात लेथवर बारीक दांडी कापताना असा किंचाळणारा आवाज यायला लागला की शेजारच्या मशीनवरचा भौतिकशास्त्रज्ञ कान धरून उभा राहिला. तुकड्यावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटली. मास्तर दुसऱ्या टोकाला होते. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला.

“दाखवू नकोस, ऐकव,” काका म्हणाले.

ऐकवलं.

“टूल बाहेर किती काढलंयस?”

“दीडेक इंच.”

“कशाला? हवा खायला? आत घे. आणि स्पीड उतरव.”

उतरवला. आवाज थांबला.

“आता टूल सेंटरला आहे का बघ. सहा इंची पट्टी आहे ना? जॉब आणि टूलच्या टोकामध्ये हलकी धर. सरळ उभी राहिली पाहिजे.”

पट्टीचं वरचं टोक माझ्यापासून लांब, जॉबकडे झुकलं.

“टूल वर आहे. खाली घे.”

आठ हजार मैलांवरून, मोबाइलच्या स्पीकरमधून, एका हातात पेपर धरून. तोवर मास्तर मागे येऊन उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण टूल खाली घेतल्याचं कळलं होतं. त्यांनी विचारलं, “हे कोण?” मी म्हणालो, “माझे काका. टर्नर.” मी हे वाक्य आवाज न उतरवता बोललो असेन, कारण काकांनी पलीकडे पेपर बाजूला ठेवला. मास्तरांनी कॅमेऱ्यासमोर हात वर करून दहा बोटं दाखवली. काकांनीही दहा दाखवली. ओळख झाली.

दिवाळीच्या तोंडावर मंडळातल्या एका काकूंनी मला घरी बोलावून एक पितळी सोऱ्या पुढे ठेवला. सासूबाईंनी दिलेला, पण वरच्या दांड्याचे आटे झिजून गेलेले, फिरवला की पुढे जाण्याऐवजी जागेवरच गरगरायचा. ‘तू लेथवाला झालायस ना, बघ काही होतंय का.’ मंडळात माझ्या नव्या विद्येबद्दल ज्यांच्या मनात शंका होत्या, त्या सगळ्या त्या क्षणी फिटल्या. विद्या चकलीला लागू पडत असेल तर ती विद्या.

सोऱ्या मी वर्गात नेला. मास्तरांनी तो फिरवून बघितला. “हे काय आहे?”

मी सांगितलं.

“म्हणजे एक्सट्रूडर,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की बाकीचे सगळे आपापली मशीनं बंद करून भोवती जमले. “मटेरियल कुठलं दाबता?”

“भाजणी. वेगवेगळी धान्यं आणि डाळी भाजून केलेलं पीठ, त्यात तेल आणि पाणी.”

“घट्टपणा किती?”

मी बायकोला फोन लावला. तिनं सांगितलं, चकली दाबताना तुटत असेल तर पाणी कमी, तळताना तेल पीत असेल तर मोहन जास्त. मास्तरांनी हे वहीत लिहून घेतलं.

“ड्रॉइंग काय म्हणतं?”

ड्रॉइंग नव्हतं. सोऱ्याला ड्रॉइंग नसतं, सासू असते.

मग डेंटिस्टनं टेलिस्कोपिक गेज आत सोडून भोक मोजलं. वर एक माप, खाली दुसरं, आडवं तिसरं. नळी कुठल्याच बाजूनं गोल राहिली नव्हती. दट्ट्या आणि नळी यांच्यात चाळीस थाउंची फट. आणि दट्ट्या म्हणजे पत्र्याएवढी पातळ चकती, ती दाबाखाली तिरकी होते. “इथून मटेरियल उलटं वर येत असणार,” मास्तर म्हणाले. मी थक्क झालो. ‘पीठ वरून येतं’ ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक दिवाळीतली तक्रार आहे. त्यावर आजवर पीठ, मोहन, दाबणारा नवरा अशा सगळ्यांना दोष देऊन झाला होता. चकलीचं तोंडही न पाहिलेल्या माणसानं दोन मिनिटांत सांगितलं की दोष क्लिअरन्सचा आहे. फट दहा थाउ ठेवायची. त्याहून घट्ट केली तर खाली हवा कोंडते आणि दट्ट्या मागे घेताना ओढ बसते. चकती जाड करायची, म्हणजे ती नळीत सरळ चालेल.

मी म्हटलं, पितळ घेऊ, पितळ कापायला लोण्यासारखं. मास्तरांनी मान हलवली. लेथवर छान कापलं जाणारं जे पितळ मिळतं त्यात शिसं असतं, तीनेक टक्क्यांपर्यंत. म्हणूनच ते छान कापलं जातं. खाण्याच्या वस्तूला ते नको. तेव्हा स्टेनलेस, ३०४. स्टेनलेसचा स्वभाव चिंचवडहून कळला. “घाबरत घाबरत कट घेऊ नकोस. टूल नुसतं घासलं की ते वरून कडक होतं आणि मग कशालाच दाद देत नाही. घ्यायचा तर नीट घे, नाहीतर हात लावू नकोस.” आटे कुठले पाडायचे यावर मात्र मास्तर आणि काका यांच्यात तेढ आली. मास्तर म्हणाले अॅक्मी, २९ अंश. काका म्हणाले ट्रॅपेझॉइडल, ३० अंश, जगात सगळीकडे तेच असतं. एका अंशासाठी दोन खंडांत दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी खर्ची पडल्या. शेवटी टूल घासायचा गेज शॉपमध्ये २९ चाच होता म्हणून अॅक्मी ठरलं. काकांनी निषेध नोंदवून परवानगी दिली.

सोऱ्या झाला. नवी नळी, नवा दट्ट्या, नवा दांडा, धरायला नर्लिंगनं खरखरीत केलेली मूठ. पीठ वरून आलं नाही. काकूंनी पहिली चकली पाडली, बघितली आणि म्हणाल्या, “छान झालाय रे. जरा जड झालाय.” डेंटिस्टनं चार चकल्यांचा व्यास व्हर्नियरनं मोजून मला कळवलं की फरक पंधरा थाउंच्या आत आहे, चौथी मोजता मोजता त्यानं खाल्ली. त्यानंतर मंडळातून मागण्या आल्या: आणखी सोऱ्ये, पुरणयंत्राची मूठ, शंकरपाळ्यांचं कातणं, आणि एका गृहस्थांच्या आईच्या प्रेशर कुकरची शिट्टी. कुकर मी घेतला नाही. बायकोनं सगळा हिशेब केला, स्टेनलेसचा दांडा, टूल, फी, पेट्रोल, आणि विचारलं की तुळशीबागेत नवा केवढ्याला मिळतो. या प्रश्नाचं उत्तर मशिनरीज हँडबुकात नाही.

दरवर्षी दिवाळीच्या आधी घरोघरी माळे साफ होतात, म्हणून एक विनंती. पिंपरी-चिंचवड, सातपूर, ठाणे-बेलापूर, किर्लोस्करवाडी, कुठेही टूलरूममध्ये नोकरी केलेले काका, मामा किंवा आजोबा तुमच्याकडे असतील, तर माळ्यावर त्यांची एक लाकडी किंवा पत्र्याची पेटी असते. ती भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आतला मायक्रोमीटर पोरांच्या हाती अक्रोड फोडायला देऊ नका. क्लॅम्प म्हणूनही वापरू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचं बोट फिरवा, आणि डबीत ठेवताना त्याची दोन तोंडं एकमेकांना टेकवून आवळू नका. बारीक फट ठेवा, नाहीतर हवामान बदललं की त्यावर ताण येतो आणि टेकल्या जागी गंज धरतो. शून्य जुळतंय की नाही, ते पेटीच्या मालकालाच विचारा. सकाळी साडेआठला ते मोकळे असतात.